शोकेसमधली सुमली

माझ्या वाढदिवसाला बडोद्याला, आमच्या कारेलीबागेतल्या घरात दोन मुलींना ओवाळलं जायचं. एक मी – पाटावर बसलेली, नवा फ्रॉक टोचतोय म्हणून सारखी चुळबुळ करणारी. आणि दुसरी सुमली – शोकेसमध्ये, काचेचे ससे आणि बाबांना ऑफिसात मिळालेलं पितळी घड्याळ यांच्या मधोमध, फ्रेमच्या आत ताठ उभी. आई आधी मला कुंकू लावायची, मग शोकेसची काच सरकवून फोटोतल्या कपाळावर नेम धरून एक बारीक टिकली टेकवायची... तुपाच्या निरांजनाचा, कोऱ्या कापडाच्या खळीचा आणि केशर घातलेल्या श्रीखंडाचा वास आजही कुठे एकत्र आला, तर त्यामागोमाग ती येते, तेल लावून चप्प बसवलेल्या केसांची, मुळीच न हसणारी. एकदा शेजारच्या पुष्पाबेन साखर मागायला आल्या, फोटोवरचं कुंकू बघून दारातच थबकल्या आणि डोक्यावर पदर ओढून हळूच म्हणाल्या, "अरेरे, आ छोकरी क्यारे गुजरी गई?" आई केवढ्यांदा किंचाळली! "काय बोलता बेन, चांगली जिवंत आहे ती!" बाबा न्हाणीतून अर्ध्या दाढीनिशी धावत बाहेर आले.

जिवंत होती, आणि आमची होती – म्हणजे आम्ही पैसे पाठवून तिचं पालकत्व घेतलं होतं. छोटाउदेपूरच्याही पलीकडे, डोंगरांच्या पोटात तिचं गाव. तिथे काम करणाऱ्या एका संस्थेचे मनुभाई वर्षातून एकदा तिचा नवा फोटो घेऊन आमच्याकडे यायचे, बशीत ओतून चहा प्यायचे आणि आईचे प्रश्न निमूटपणे ऐकून घ्यायचे. सुमली माझ्याच वयाची, म्हणून आईने तिला पसंत केलेली. पण आईला एक गोष्ट कधीच पटली नाही – संस्था मुलीच्या हातात काही देत नसे. आलेलं सगळं गावाच्या कामाला, शाळेला, दवाखान्याला, पाण्याला. "मनुभाई, आम्ही मुलीला देतो की गावाला? तिचं नाव, तिचा फोटो, आणि वापरणार सगळं गाव... हे काय बाई!" मनुभाई बशी खाली ठेवून एवढंच म्हणायचे, "छोकरी गाममां ज रहे छे ने, बेन?" मुलगी गावातच राहते ना, हे उत्तर आईला भारी उद्धट वाटायचं. मग ती नियम बाजूला सारून दिवाळीला एकाच कापडाचे दोन फ्रॉक शिवायची, एक माझ्या अंगावर चढवायची आणि दुसरा चिवड्याच्या डब्यासकट मनुभाईंच्या पिशवीत कोंबायची. ते नाही नाही म्हणत न्यायचे.

मी तर समजत होते की सुमली फोटोतच राहते. तिला पाय असतील, ती चालत कुठे जात असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही.

त्या वर्षी गोत्रीला आमचं घर बांधायला सुरुवात झाली होती. तेव्हाची गोत्री म्हणजे आम्हाला थेट परदेश... रस्त्याच्या कडेला एरंडाची झुडपं, मोकळ्या प्लॉटांवर चरणाऱ्या म्हशी, आणि मध्येच कुठे तरी अर्धवट उभ्या भिंती. हिवाळ्यातल्या रविवारी आम्ही तिघं स्कूटरवरून तिकडे जायचो. मी पुढे उभी, कानांना झोंबणारा वारा, आणि पोचल्यावर तो ओल्या सिमेंटचा, भिजवलेल्या विटांचा गार वास. मला तो इतका आवडायचा की मी गुपचूप विटेला नाक लावायची. आई खडूने जमिनीवर देवघर आखायची, पुसायची, पुन्हा आखायची, बाबा वैतागायचे. असं सगळं नेहमीसारखं चाललेलं असताना, वाळूच्या ढिगामागून एक शेंबडा पोरगा धावत आला – अंगात पायघोळ मोरपंखी फ्रॉक, त्यावर बारीक पांढरी फुलं.

"अहो..." आईच्या हातातला खडू पडला. "अहो, हा आपला फ्रॉक!"

"एका रंगाची हजार कापडं असतात," बाबा म्हणाले.

आई त्या पोराजवळ गेली, उकिडवी बसली आणि तिने फ्रॉकचा घेर उलटा केला. आत माझ्या जुन्या परकराची लेस लावलेली होती, तिच्याच हाताने, तिच्याच वाकड्या टाक्यांनी. पोराने भोकाड पसरलं. ते ऐकून विटांच्या थप्पीकडून एक मुलगी धावत आली, डोक्यावरचं घमेलं तिने दाणकन खाली टाकलं आणि त्याला कडेवर घेऊन ती आमच्याकडे बघत उभी राहिली. केस सिमेंटने राखाडी झालेले, एखाद्या म्हातारीसारखे, ओठ फुटलेले, आणि चेहरा... अगं बाई गं! तो चेहरा मी रोज शाळेत जाताना, बुटाची नाडी बांधताना बघत होते.

"सुमली?" आईने विचारलं.

"हा," ती म्हणाली. बस्स. तिने आम्हाला कुठे पाहिलं होतं? आमचा फोटो तिच्या घरी कोणी लावला होता?

आई नेसूच्या चांगल्या साडीनिशी वाळूत मटकन बसली. मुकादम गडबडीने पुढे आला, त्याला वाटलं पोराने काही चोरलं. त्याने सांगितलं ते असं – सगळे मजूर तिकडचेच, साहेब. दिवाळी झाली की येतात, होळीला परत जातात, दर वर्षीचंच आहे. "म्हणजे माझ्या घराच्या विटा ही पोर वाहतेय?" आई हळू आवाजात म्हणाली, आणि आईचा आवाज हळू झाला की आम्हाला फार भीती वाटायची. "मी हिला तिथे डोंगरात समजून ओवाळतेय आणि ही इथे माझं देवघर बांधतेय?"

सुमलीची आई पलीकडे फावड्याने माल कालवत होती. आई तरातरा तिच्याकडे गेली आणि तिने एका दमात सांगून टाकलं – मुलीला आमच्याकडे ठेवा, माझ्या मुलीबरोबर राहील, शाळेत जाईल, पोटच्या पोरीसारखी सांभाळेन. त्या बाईने फावडं थांबवलं. आधी आईकडे, मग माझ्या पायातल्या पांढऱ्या मोज्यांकडे बघितलं. "छोकरी मारी छे, माझी पोर आहे," ती म्हणाली, आणि पोराकडे हात करून, "याला कोण सांभाळेल? तू?" रागाने नाही, अगदी साधेपणाने विचारलं तिने.

त्या आठवड्यात मनुभाईंना बोलावणं गेलं आणि आईने त्यांची अशी काही हजेरी घेतली की चहा तसाच गार होऊन गेला. ते सगळं ऐकून मग म्हणाले – आमच्याशी बोलताना ते अधूनमधून मराठी बोलायचा प्रयत्न करायचे – "बेन, शाला आहे, मास्तर आहे, पाटी आहे. मुलं कुठे आहेत? पावसाचं पाणी डोंगरावरून येते ने निघून जाते. दिवाली झाली की विहीर खाली. दुसरं पीक नाय, तो माणूस काय खाणार? ओढ्यावर बंधारा होईल, तर लोक राहतील. लोक राहतील, तर छोकरी राहेल." जरा थांबून, खाली मान घालून त्यांनी हेही सांगितलं की मूल फार दिवस गावात नसलं, तर संस्थेच्या नियमाप्रमाणे तुम्हाला दुसरी मुलगी मिळू शकते.

"बदलून द्यायला ती काय साडी आहे?" आई ताडकन उठली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आत तिचं हुंदके देणं ऐकू येत होतं. बाबांनी मनुभाईंना दुसरा चहा स्वतः करून दिला, त्यात साखर घालायला विसरले.

घराचं काम आम्ही थांबवलं नाही. थांबवलं असतं तर त्यांचा रोज बुडाला असता, असं बाबा म्हणाले. आणि ते खरंही होतं, पण घशाखाली उतरत नव्हतं. संक्रांत आली. आमच्या बडोद्याच्या मराठी बायकांचं हळदीकुंकू म्हणजे काय थाट – अत्तर, गुलाबपाणी, काळ्या साड्या, तिळगुळाचा खमंग वास, आणि निघताना हातात वाण. कुणाकडे स्टीलची वाटी, कुणाकडे प्लास्टिकची चाळणी. त्या वर्षी आईने हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि जाहीर केलं, "वाण नाही. सुमलीच्या गावातल्या एकेका मुलाचं पालकत्व घ्या, गावात बंधारा होऊ द्या, तेच माझं वाण." एक मावशी रिकाम्या हाताने परत जावं लागलं म्हणून पुढे कित्येक वर्षं आईशी धड बोलल्या नाहीत. आणि एक काकू, गजरा नीट करत, अगदी मनापासून म्हणाल्या, "मी घेईन हो, पण जरा गोरीशी मुलगी असेल तर बघ." मी तिळगुळाचं ताट धरून उभी होते. ते वाक्य ऐकून माझे कान तापले ते मला आजही आठवतं. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "तुम्हाला मुलगा देते. काळा कुळकुळीत." त्यांनी घेतला, हेही सांगायला हवं.

बंधारा झाला. लगेच नाही – गावाच्या लोकांनी स्वतः दगड रचले, एका पावसाळ्यात निम्मा वाहून गेला, पुन्हा रचला. मग येणाऱ्या फोटोंत सुमली शाळेच्या निळ्या झग्यात दिसू लागली, हाडं झाकली गेली, एका फोटोत तर चक्क दात दिसत होते. सातवीपर्यंत शिकली. पुढे वयाच्या नियमाने फोटो यायचे थांबले आणि आई हात जोडून म्हणाली, "सुटली गं पोर."

आता आई नाही. तिच्या माघारी, यंदाच्या हिवाळ्यात, मी पहिल्यांदा त्या गावाला गेले. गाडीतून उतरले तर समोर बंधाऱ्याचं पाणी – संथ, हिरवट, कडेला धुणं आपटणाऱ्या बायका; खाली पाटाच्या दोन्ही अंगांना गहू आणि हरभरा, ओल्या मातीचा आणि धुराचा मिळून एक गोडसर वास... आणि शाळेतून पाढ्यांचा गलका. भर हिवाळ्यात, जेव्हा शहरात सगळीकडे बांधकामं जोरात असतात, तेव्हा इथे मुलं वर्गात बसली होती! माझा ऊर भरून आला. आई, बघ गं, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा.

सुमलीची आई हरभऱ्यात वाकून गवत काढत होती. आता खूप म्हातारी. गोत्रीचं घर म्हटल्यावर तिने मला ओळखलं, बांधावर बसवलं, पाणी दिलं. मी विचारलं, "सुमली कुठे आहे?"

"बरोडा," ती म्हणाली.

मला वाटलं नोकरीला असेल, आनंदाने मी काही तरी बोलूनही गेले. तिने नाही अशी मान हलवली. सुमलीला डोंगरापलीकडच्या गावात दिली होती. तिकडे बंधारा नाही. "पाणी नथी," ती म्हणाली. दिवाळी झाली की सुमली, तिचा नवरा आणि तिची मुलगी, तिघंही बडोद्याला विटा वाहायला येतात.

एवढं साधं आम्हाला कुणालाच कसं सुचलं नाही! बंधारा माहेरी राहतो. मुलगी सासरी जाते. गावातल्या ज्या पोरी त्या पाण्यावर शिकल्या, त्यांपैकी किती जणी अशा कोरड्या गावांना दिल्या गेल्या असतील, हे विचारायचं माझ्या जिवावर आलं. शाळेतले पाढे चालूच होते.

"तू बरोडामां रहे छे ने?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तशी ती उठली, शेतात शिरली, भरलेल्या घाट्यांचे हरभऱ्याचे डहाळे तिने मूठ मूठ उपटले, गवताच्या काडीने जुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. सुमलीला फार आवडतात, म्हणाली. तिकडे कुठे मिळणार तिला. लवकर दे, नाही तर सुकतील.

बडोदा केवढं झालंय हे मी तिला सांगितलं नाही. जुडी घेतली.

येताना सगळ्या गाडीत हरभऱ्याच्या पाल्याचा आंबट वास भरला होता. त्याच संध्याकाळी मी गोत्रीतल्या साइटी पालथ्या घातल्या, दुसऱ्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला समा भागातल्या, मग त्याच्याही पुढे, जिथे परवापर्यंत शेतं होती तिथे. विचारायचं तरी काय – सुमली आहे का? बायका घमेलं सावरत माझ्याकडे बघतात, एकमेकींकडे बघतात, नाही म्हणतात. डहाळे मी बादलीत पाणी घालून उभे ठेवले होते. पाला गळाला, घाटे वाळून खुळखुळायला लागले. घरात कोणी एकही सोलला नाही.

होळीपर्यंत ती इथेच कुठे तरी आहे, एवढंच मला माहीत आहे.