आढ्याची दोरी आणि सहा तणावे

आमचा प्रवास सुरू झाला तो मंडईमागच्या दोरीच्या दुकानातून. मी, माझे शहात्तर वर्षांचे वडील आणि त्यांची काठी. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. सर्वेक्षण खात्यात खलाशी म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं काढली. साहेबांच्या राहुट्या (छोटे तंबू) उभ्या करायच्या, साखळी ओढायची, टेकडीवर निशाण रोवायचं, हे त्यांचं काम. आधी आई गेली, मग गुडघे गेले आणि गेली चार वर्षं ते खिडकीजवळच्या खुर्चीत होते. कुठे जाऊया म्हटलं की म्हणायचे, "जमिनीवर निजलो तर उठवायला चार माणसं लागतील."

म्हणून मी हॅमॉक आणला. दोन झाडांना रुंद पट्ट्यांनी बांधायचा कापडी झोळा. खुर्चीइतक्या उंचीवर बांधला की पाय टेकवून उठता येतं. त्यावर पावसासाठी ताडपत्री. सोसायटीच्या आवारात बांधून पाहिला, तर पहिल्याच सरीत ताडपत्रीचं पोट सुटलं आणि सगळं पाणी झोळ्यात आलं. धाकटा भाऊ मिलिंद गॅलरीतून पाहत होता. "ताई, यात आप्पांना झोपवणार? हट्टच असेल तर एकदा जाऊन या. फसलं तर हा विषय पुन्हा नको," तो म्हणाला.

आप्पा खाली आले. ओली दोरी बोटांत चोळून म्हणाले, "नायलॉन. भिजलं की लांबतं. तुला कुणी सांगितलं हे घ्यायला?" आणि मग, "चल, मी येतो दोरी घ्यायला."

दुकानदार साठीचे, चष्मा कपाळावर. आप्पांनी तीन प्रकारच्या दोऱ्यांचे तुकडे मागितले आणि शेजारची पाण्याची बादली.

"अहो, दोरी नेताय की तिला अंघोळ घालताय?" दुकानदार म्हणाले.

"पावसात न्यायची आहे. तिची ओळख करून घेतो," आप्पा म्हणाले.

छताच्या आकड्याला ओले तुकडे एकेक करून बांधून त्यांनी खाली सुतळीचं जड बंडल टांगलं. सुती दोरी आखडली होती. "ही पावसात मेखा उपटते. आम्ही ढग दिसले की सुती तणावे सैल करत फिरायचो." तणावे म्हणजे राहुटीच्या कडांपासून जमिनीतल्या मेखांपर्यंत जाणाऱ्या दोऱ्या. नायलॉन दोन बोटं लांबलं. तिसरी दोरी, घट्ट विणीची पॉलिस्टरची, होती तेवढीच राहिली. आप्पांनी तिला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"हीच. आढ्याला चार मिलिमीटर, तणाव्यांना तीन." आढं म्हणजे दोन झाडांमधली वरची दोरी, जिच्यावर ताडपत्रीचा सगळा भार असतो. "आणि तणावे पिवळे द्या. पायात अडकून पडायचं वय आहे माझं."

दुकानदारांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आपण कुठल्या खात्यात होता?" त्यांनी विचारलं, आणि मोजून झाल्यावर वर हातभर दोरी जास्त सोडली.

विजयादशमीचा विहारातला कार्यक्रम आटोपला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्वारगेटहून एसटी धरली. कात्रजचा घाट ओलांडल्यावर आप्पा खिडकीशी सरसावून बसले. डोंगर अजून हिरवे होते, शेतांत भुईमुगाची काढणी चालली होती. त्यांनी मला टेकड्या दाखवायला सुरुवात केली. या टेकडीवर निशाण होतं, त्या टेकडीवर पाण्यावाचून दोन दिवस काढले. जिथे त्यांची राहुटी महिनाभर पडली होती, त्या गावाच्या फाट्यावर उतरलो.

गावाबाहेर हौसाबाईंची आमराई. मी आधी फोनवर परवानगी घेतली होती. वयाने माझ्याएवढ्याच, अंगणात प्लॅस्टिकच्या कागदावर शेंगा वाळत घातलेल्या. त्यांनी आमची दोरी बोटाने दाबून पाहिली.

"एवढुशा दोरीनं काय व्हायचं हाय? वारा लई असतो इथं."

"बघू," आप्पा म्हणाले.

ते प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून काठीने दाखवत गेले आणि मी बांधत गेले. आढं कमरेवर नको, डोक्यावर घे. वाऱ्याची बाजू खाली उतरव. मेख तिरपी ठोक, डोकं ताडपत्रीपासून लांब. तणाव्याला सरकती गाठ मार, म्हणजे ताण कमी-जास्त करता येतो. झोळ्याच्या पट्ट्यांना त्यांनी चिंध्या बांधायला लावल्या. "पाणी दोरीवरून चालत आत येतं. चिंधी दिसली की तिथूनच खाली उतरतं."

दुपारी हौसाबाईंनी भाकरी, ओल्या शेंगदाण्यांची आमटी आणि मिरचीचा खर्डा दिला. जेवून आप्पा झोळ्यात कलले. चारच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. परतीचा पाऊस होता आणि तो वाऱ्यावर बसून आला.

अंगणातला कागद पहिल्याच झटक्यात उडाला. हौसाबाई आणि त्यांची सून शेंगा पाट्यांत भरत सुटल्या. मी धावत गेले, एक पाटी उचलली आणि ओरडून म्हटलं, "आमच्याकडे आणा." सात पाट्या ताडपत्रीखाली आल्या. वर कापड ढोलासारखं वाजत होतं. आढं तसूभरही वाकलं नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यातली एक मेख भुसभुशीत मातीतून निघाली. ताडपत्रीचा तो कान फडफडू लागला, पाऊस तिरपा आत आला. मी तणावा पकडला, पण वारा मलाच ओढत होता. मी टाचा मातीत रोवल्या. बांधायला जवळ काही नव्हतं आणि सोडला तर शेंगाही गेल्या आणि आप्पाही भिजले.

"सोडू नकोस," मागून आवाज आला. आणि मग अगदी जवळून, "ढील दे थोडी."

आप्पा माझ्या शेजारी उभे होते. झोळ्यातून कुणाचा हात न धरता उठले होते. त्यांनी तणाव्याचं टोक माझ्याकडून घेतलं, मला आंब्याच्या बुंध्याशी पडलेला मोठा धोंडा लोटत आणायला सांगितला, त्याला दोन वेढे दिले, गाठ सरकवली आणि बोटाने तार छेडावी तशी दोरी तपासली. कापड पुन्हा ताणलं गेलं. त्यांच्या टोपीवरून पाणी गळत होतं आणि चेहऱ्यावर मी चार वर्षांत न पाहिलेलं समाधान होतं.

पाऊण तासाने पाऊस थांबला. पाट्यांतल्या शेंगा कोरड्या होत्या. हौसाबाई ताडपत्रीभोवती एक फेरी मारून आल्या आणि त्यांनी सहाही तणावे दाबून पाहिले.

"दोरी कुठनं घेतली म्हनायची, बाबा? आमच्या गोठ्याला पायजे."

आप्पांनी दुकानाचा पत्ता दिला आणि बजावलं, "पाण्यात बुडवून मगच घ्या. नुसत्या रंगावर जाऊ नका."

संध्याकाळी चुलीवर उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. हौसाबाईंनी दिलेल्या बाजेवर मी आणि झोळ्यात आप्पा, एकाच छपराखाली झोपलो. पहाटे मला जाग आली तेव्हा झोळा रिकामा होता. आप्पा काठी टेकत बांधावर गेले होते आणि उजाडणाऱ्या डोंगराकडे पाहत उभे होते.

परतीच्या बसमध्ये मिलिंदचा फोन आला. मी काही बोलायच्या आत आप्पांनी तो मागून घेतला आणि सांगितलं, "दिवाळीनंतर तीन दिवस जाणार आहोत. तू यायचं असेल तर तुझी दोरी तू घे. मी दाखवीन कुठली."

मी कचेरीत हेड क्लार्क आहे, माझ्या हाताखाली पाच जण आहेत. आप्पांना बाहेर काढायचं, असं ठरवून मी निघाले होते. प्रत्यक्षात दोन दिवस मी त्यांच्या हाताखाली काम केलं. इतका चांगला साहेब मला नोकरीत मिळाला नाही. बत्तीस वर्षं दुसऱ्यांसाठी राहुट्या ठोकणाऱ्या माणसाला हे कुणी कधी सांगितलं नसेल, म्हणून कात्रजच्या उतारावर मीच सांगितलं.

"मेख मात्र उथळ ठोकली होतीस," आप्पा म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ हसत राहिले.