लाल ठिपक्याची पट्टी

सासऱ्यांनी धाकट्या सुनेचं कौतुक केलं की थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि अलीकडे हे दुखणं दिवसातून तीनदा उठत होतं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं घरचंच दुकान. थोरली तिथे अकरा वर्षं राबत होती. धाकटीला येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं, पण आली ती डिप्लोमा घेऊन. सासऱ्यांची नजर आता बारीक कामाला पुरत नव्हती. खिडकीजवळचं त्यांचं टेबल सोमवारपासून दोघींपैकी एकीला मिळणार होतं. तिथे बसेल तिचा शब्द दुकानात शेवटचा.

नेमक्या त्याच आठवड्यात नकाशे काढणाऱ्या बाई आपलं मशीन घेऊन परत आल्या. चार दिवसांपूर्वी धाकटीने त्यात जुन्या पट्टीशेजारी मेमरीची नवी पट्टी बसवली होती.

"आधी नुसतं अडखळायचं हो," बाई कावल्या होत्या. "आता मोठा नकाशा उघडला की निळा पडदा येतो आणि मशीन आपोआप बंद! नवीन बसवून मिळवलं काय मी?"

थोरलीने चेहरा गंभीर ठेवला. आतून मात्र तिला कोण आनंद झाला! "ठेवून जा. मी जातीने बघते."

तिने नवी पट्टी काढली, खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले आणि ती एकटीच लावून तपासणी चालवली. सासरे बघत होते, म्हणून जरा जास्तच ऐटीत. तासाभराने पडद्यावर उमटलं, दोष शून्य. तिने पट्टी दुसऱ्या खाचेत लावली. पुन्हा शून्य. दोन्ही पट्ट्यांचा वेग जुळतो का पाहिलं. तोही जुळत होता. मेलीला एक साधी चूकसुद्धा करता येत नाही, थोरली मनात म्हणाली.

"ताई, जुनी पट्टी एकटी लावून बघायची का?" धाकटीने हळूच विचारलं.

"तिच्यावर लाल ठिपका आहे. दिसत नाही?"

"दिसतो ना. म्हणून तर मी ती तपासलीच नाही."

लाल ठिपका ही थोरलीची मोहोर. स्वतः तपासलेल्या प्रत्येक पट्टीवर ती नेलपॉलिशचा ठिपका देई, आणि तसल्या पट्टीवर पुन्हा वेळ घालवायचा नाही, हा दुकानाचा नियम. ही पट्टी तीन वर्षांपूर्वी तिनेच बसवली होती.

धाकटी चहा ठेवायला आत गेली. सासरे फोनवर बोलू लागले. थोरलीने जुनी पट्टी एकटी लावली, आणि पाच मिनिटांत पडदा दोषांच्या लाल ओळींनी भरला. म्हणजे मशीन अडखळायचं ते मेमरी कमी पडून नव्हे, या पट्टीमुळे. नवीच्या भरवशावर बाई मोठे नकाशे उघडू लागल्या, तशी ही पुरती उघडी पडली.

नवीच खराब निघाली म्हटलं आणि जुनीही गुपचूप बदलून टाकली तर? तपासणीचा पडदा तिच्याशिवाय वाचला होता कोणी? तिने ठिपका नखाने खरवडायला घेतला. अर्धा निघालासुद्धा. मग तिचं नख थांबलं. अकरा वर्षांत या दुकानात तिचं म्हणून काही असेल, तर तो हा ठिपका. धाकटीनेही तो डोळे मिटून मानला होता.

सासऱ्यांनी फोन ठेवला. "बाबा," ती म्हणाली, "नवी पट्टी चांगली आहे. जुनी गेलीय. ठिपका माझा."

धाकटी कप घेऊन बाहेर आली होती. "तीन वर्षांपूर्वी चांगलीच असणार, बाबा. पट्ट्या काय, पुढे बिघडतात. पुन्हा तपासायचं माझ्याच डोक्यात यायला हवं होतं."

वर हा समजूतदारपणा! थोरलीला तोही खुपला. भांडली असती तर बरं झालं असतं.

सासऱ्यांनी घसा खाकरला. "तर सोमवारी टेबलावर..."

"हीच बसेल," थोरली म्हणाली. त्यांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपणच बोललेलं बरं. "पण लाल रंग माझा. हिने हिच्या ठिपक्याला दुसरा आणावा. आणि ठिपक्याखाली यापुढे तारीख."

"निळा चालेल, ताई?"

थोरलीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"निळा नको. निळा तुला फार शोभतो. हिरवा आण."