रेघ आणि टिचकी

भुकूमच्या दवाखान्यात स्नायूंच्या तपासणीचं मशीन एक टेक्निशियन चालवतो. पॅरालिसिस झाल्यापासून मी दर मंगळवारी तिथे जातो. दंडावर चकत्या चिकटवून, वायरी जोडून तो प्रत्येकाला एकच सांगतो, "हात हलला न्हाई तरी चालंल, निस्तं मनात आणा." स्नायू जागा असला तर पडद्यावरची रेघ थरथरते.

एकदा नेरे गावच्या एका आजींची रेघ सपाटच राहिली. त्या रडवेल्या झाल्या. त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला आणि खालून वायरीला हळूच टिचकी मारली. रेघ उसळली.

"बगा आजी, ऐकतुया की हात!"

आजी हसल्या. शेजारच्या बाकावरून मी टिचकी पाहिली होती.

पुढच्या मंगळवारी माझी रेघ उसळली, तेव्हा मी आधी त्याचं बोट कुठे आहे ते पाहिलं.