मिक्सर कोणी बंद केला?

त्या टाकीचा वास निवृत्तीनंतरही माझ्या नाकातून गेलेला नाही, आणि त्या प्रकरणाचा संतापही.

नाशिकमधल्या एका प्रकल्पात हॉटेलांचं उरलेलं अन्न आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एका टाकीत कालवून गॅस करत. गॅसवर वीज, उरलेल्या गाळाचं खत. योजना शहाणपणाची, त्याबद्दल वाद नाही. पण त्या टाकीत पेठ तालुक्यातला एक मजूर मरून पडला. सुपरवायझरने खबर दिली, "दारू पिऊन तोल गेला." ठाणे अंमलदाराने अकस्मात मृत्यूची नोंद घेतली आणि तपास माझ्याकडे आला.

पंचनामा चालू असताना कचरा निवडणारी एक बाई माझ्या शेजारून जाता जाता पुटपुटली, "दारूला शिवत नव्हता तो, साहेब. उतरवलाय त्याला." आणि न थांबता निघून गेली.

पोटात दारू होती का, हे सांगणारा व्हिसेराचा अहवाल यायला वेळ लागतो. तोवर लोक 'बेवडा होता' म्हणून मोकळे होतात. मयताची बायको प्रेत ताब्यात न घेता ठाण्याच्या बाकावर बसून होती. म्हणाली, "माझा माणूस दारुडा नव्हता. तसं लिवलंत तर गावाला कोणत्या तोंडानं नेऊ त्याला?"

सुपरवायझरला समोर बसवलं. प्रकल्पाचा ठेकेदारही त्याच्या शेजारी येऊन बसला.

"टाकीत माणूस उतरवता?"

"छे हो साहेब! आत मिक्सरची ही मोठाली पाती. उतरणार कोण?"

"मिक्सर बंद कधी असतो?"

"कधीच नाही. चावी माझ्याच खिशात असते." हे मात्र त्याने छाती फुगवून सांगितलं.

मी त्याला चहा पिऊ दिला. फुशारकी मारणाऱ्याला घाई करू नये. मग विचारलं, "प्रेत मी पाहिलंय. अंगावर ओरखडा नाही. पाती फिरत होती, तर माणूस अख्खा कसा?"

त्याने ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदार मध्ये पडला. "साहेब, हे टेक्निकल आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"बी.एस्सी. केमिस्ट्री आहे मी. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. सडक्या अन्नातून कोणता गॅस निघतो ते मला शिकवू नका. बाहेर बसा!"

तो बाहेर जाताच सुपरवायझर फुटला. खरकट्यातून आलेल्या पिशव्या आणि चमचे पात्यांत अडकले होते. टाकी उपसायची तर दिवसभर काम बंद. ठेकेदार फोनवर म्हणाला, "उतरव कुणाला तरी." याने चावी फिरवून मिक्सर थांबवला. मजुराला ना मास्क, ना दोर. विषारी गॅसने तो जागीच कोसळला. माणूस अजून टाकीतच होता आणि वर यांची दारूची गोष्ट ठरलीसुद्धा!

खरकट्यात चमचे फेकणाऱ्या हॉटेलवाल्यांना कुठलं कलम लावायचं, हे मला आजही कळलेलं नाही. एक मात्र शिकलो. मेलेल्याला कुणी दारुडा म्हटलं, की त्यामुळे कोण सुटतंय ते आधी पाहावं.

सरकारतर्फे मीच फिर्याद दिली, दोघांवर गुन्हा दाखल केला. मयताच्या बायकोने फिर्याद वाचून दाखवायला सांगितली. मी अक्षर न् अक्षर वाचलं.

"दारूचं कुठं आलं नाय ना?"

"नाही, ताई."

ती उठली, पदर खोचला. म्हणाली, "मग द्या आता माझा माणूस."