ट्रंपेटवाल्याचा नवा दात
शिवदास पोस्टातून निवृत्त झाला, पण बँडमधून त्याला कोण निवृत्त करणार? दिंडोशीत त्याचा ट्रंपेट वाजला की म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पायसुद्धा ठेका धरायचे.

मार्चमध्ये तो जिन्यावरून पडला आणि वरचा पुढचा दात हलला. विलेपार्ल्याच्या डॉक्टर इरावतींनी एक्स-रे काढला. मुळालाच चीर गेली होती. त्यांनी दात काढला आणि लगेच त्याच खड्ड्यात नव्या दातासाठी टायटॅनियमचा स्क्रू बसवला.

"वाजवता कधी येईल?" तोंडात कापूस असतानाच शिवदासने विचारलं.

"चार महिन्यांनी. तोवर ट्रंपेट ओठाला लावायचा नाही, काका."

चौथ्या आठवड्यात चौदा एप्रिलची जयंती आली. सूज उतरली होती, दुखणंही नव्हतं. आदल्या दिवशी तो दवाखान्यात जाऊन थडकला.

"डॉक्टर, एकदम झकास आहे. एकच गाणं वाजवतो ना!"

"झकास वाटतंय तेच फसवं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या दिवशी जुन्या हाडाने स्क्रू आवळून धरला होता. आता शरीर ते दुखावलेलं हाड काढून नवीन भरतंय, आणि नवीन अजून कोवळं आहे. पकड सगळ्यात कमी असते ती याच दिवसांत. स्क्रू जरासा जरी हलत राहिला, तरी भोवती हाड धरणार नाही, नुसतं मऊ मांस वाढेल. मग सगळं पहिल्यापासून."

तीस वर्षांत त्याची एकही जयंती चुकली नव्हती. घरी येऊन त्याने ट्रंपेट पुसला आणि मुलीच्या, तेजलच्या हातात दिला. लहानपणी त्यानेच तिला शिकवलं होतं.

"उद्या तू."

"मिरवणुकीत? पप्पा, माझी वाट लागेल!"

"काही लागत नाही. मी पुढे आहे ना."

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या शर्टात तो बँडच्या पुढे हाताने ताल देत चालला. चौकात तेजलचा वरचा सूर फाटला. त्याने मागे वळून पाहिलं नाही, हातही थांबवला नाही. पुढच्या वेळी तोच सूर असा स्वच्छ लागला, की शिवदासचे डोळे भरून आले.

जुलैत डॉक्टरांनी पकड मोजली. "हाड स्क्रूला अगदी चिकटून भरलंय, काका." मग वर दात बसला.

घरी त्याने ट्रंपेट उचलला. नुसती फुसफुस निघाली.

"दात आला, सूर कुठे गेला?" त्याच्या बायकोने, शकूने स्वयंपाकघरातून विचारलं.

"येतोय गं. हाडाला चार महिने दिले, ओठांना पंधरा दिवस तरी दे!"

त्या विजयादशमीला दिंडोशीत दोन ट्रंपेट वाजले. दुसरा तेजलने स्वतःसाठी घेतला होता.