कुत्रा वळून पाहतो

आधीच सांगते, आमच्या घरात भुतंखेतं, चमत्कार चालत नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत. तेव्हा खाली कमेंटमध्ये "श्रद्धा ठेवा ताई" असं लिहायला येऊ नका.

घाटंजीची गोष्ट. बोंडअळीनं कापसाचं वाटोळं केलं त्या साली फवारताना औषध डोळ्यांत जाऊन माझ्या बाबांची नजर गेली... पूर्ण. त्यांना एकच नाद — बायबलातले प्रसंग कोरलेली जुनी जर्मन पदकं जमवायची. बौद्ध माणसाला हे कायले, म्हणून लोक हसायचे. कारागिरीले जात नसते, म्हणायचे बाबा.

आता आंधळ्या माणसाला पदकं कशाला, असं मीच ठरवलं आणि नागपूरच्या व्यापाऱ्याला परस्पर बोलावलं. आदल्याच दिवशी बंजारा तांड्यावरच्या एका आजीच्या नाण्यांच्या हारातलं एक पदक मला बाजारात मिळालं होतं. बाबांच्या हाती न देताच तेही ढिगात टाकलं. चांगला भाव यावा म्हणून आईनं सगळी पदकं चिंच नि राख लावून लख्ख घासली! व्यापारी कपाळाला हात लावून बसला. जुनेपणा गेला, म्हणे. हारातलं पदक तर आधीच झिजलेलं, आता पार कोरं.

आवाज ऐकून बाबा चाचपडत आले. ढिगातून नेमकं तेच कोरं पदक उचललं, अंगठा फिरवला.

"पोरगा हाय. हातात मासोयी. बाजूले पंखवाला. मांगं कुत्रा... वळून पाहून राह्यला."

व्यापारी हसला. या प्रसंगाच्या पदकांत कुत्रा पुढे पळतो, म्हणाला. तरी त्यानं जाड कॅटलॉग उघडला आणि पानं उलटता उलटता थांबला. त्याच मापाचं पदक. कुत्रा मागे, मान वळवलेली.

मी पदक उन्हात तिरपं धरलं, नख फिरवलं, डोळे मिटून पाहिलं. काही नाही.

पदकावरच्या त्या बायबलातल्या गोष्टीतला पोरगा माशाच्या औषधानं आंधळ्या बापाला नजर देतो म्हणे. झालं, गल्लीभर सुरू — आता तुझ्या बाबाचे डोळे येतात बघ! नाही आले. स्पष्ट सांगते, नाही आले.

व्यापारी गेल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "डोये गेले माहे. तुनं मले इचारलं काहून नाही?"

मला रडू फुटलं.

कुत्र्याचं कोडं मला आजही सुटलेलं नाही. योगायोग म्हणा, बोटांची सवय म्हणा. चमत्कार म्हणाल तर भांडीन. पदकं घरातच आहेत. नवीन आलं की मी पाहायच्या आधी बाबांच्या हातात देते, आणि विचारते.