माफी चिठ्ठीत चालणार नाही

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या गुढियारी मोहल्ल्यातल्या घरी रविवारी आबाजी आणि बिसाहू बबा पोह्यांच्या प्लेटा घेऊन बसले, की नवीन एक निघतोच. जुना पुन्हा सांगितला, की थोडा लांबतो. आबाजी म्हणजे माझे आजोबा, रेल्वेतून रिटायर झालेले. बबा त्याच शहरातल्या पुरानी बस्ती मोहल्ल्याचे, फौजेतून आलेले. तरुणपणी दोघंही आठशे मीटर पळायचे आणि एकमेकांचं तोंडही पाहायचे नाहीत. मी पोहे वाढते आणि ऐकते.

*

भांडणाचं कारण एक कोपर! शहराच्या स्पर्धेत शेवटच्या वळणावर आबाजी पुढे होते. बबांनी कोपर मारलं, आबाजी चुन्याच्या रेघेवर पडले आणि कप बबांनी नेला. आबाजींनी तक्रार केली, तर पंच म्हणाले, "मैंने तो देखा नहीं!"

पंच तेव्हा चहा पीत होते.

*

पुढे बबा फौजेत गेले. एकाहत्तरची लढाई तोंडावर आली, तेव्हा सीमेवरून आबाजींना त्यांचं पहिलं पत्र आलं. "कोहनी मैंने जानबूझकर मारी थी. यहां क्या हो जाए, पता नहीं. माफ कर देना."

आबाजींनी त्याच दिवशी उत्तर टाकलं. "माफी चिट्ठी में नहीं चलेगी. जिंदा वापस आ. दौड़. फिर देखेंगे."

*

त्यानंतर दोघं पत्रातून आपापलं टायमिंग कळवू लागले. एकदा बबांच्या पत्रातले सगळे आकडे काळ्या शाईखाली गेलेले! पत्रं तपासणाऱ्या साहेबांना वाटलं, हा काहीतरी कोड आहे.

आबाजींना वेगळंच वाटलं. त्यांनी लिहिलं, "टाइम खराब आया तो छुपाता क्यों है?"

बबा तडक साहेबांकडे गेले. "साहब, इज्जत का सवाल है!" साहेबांनी त्यांना आपल्यासमोर पळायला लावलं आणि टायमिंग स्वतःच्या हाताने लिहून, सही करून पाठवलं.

*

आजीचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. पोस्टमन दिसला की नवरा धावत सुटतो, हे तिला काही बरं वाटेना. तिने एक पाकीट हळूच उघडलं. आत एवढंच होतं: "जांघ में सरसों का तेल लगाना. रोज."

"मले वाटलं, कोनी पोट्टी असन," आजी म्हणते. "पोट्टी असती तं बरं झालं असतं. तेल तं मलेच लावा लागलं!"

*

मग बबांची पत्रं थांबली. लढाई संपली, तरी आली नाहीत. आबाजी दोन फेऱ्या पळत आणि टायमिंग पाठवत राहिले. पण पोस्टमन आला की आता धावत जायचे नाहीत, दारातच उभे राहायचे.

शेवटी दवाखान्यातून पत्र आलं. अक्षर पडून लिहिल्यासारखं वाकडं. "पैर में लगा है. दौड़ का क्या?"

आबाजींचं उत्तर: "कौन सा पैर? बायां हो तो मोड़ पर संभालना."

"मानूस दवाखान्यात हाय अन् तुमी मोड सांगून राहिले?" आजी ओरडली. "काहून?"

आबाजी पत्र टाकायला निघूनही गेले होते.

*

बबा लंगडत परतले. स्टेशनवरच म्हणाले, "अब तो माफ कर दे."

"पहले दौड़."

रेस बघायला दोन्ही मोहल्ल्यांतले लोक जमले. आबाजी सुटले ते पूर्ण जोरात. आजी कडेने ओरडत होती, "अहो, लाज धरा! हळू पळा ना जरासे!" आबाजींच्या दोन फेऱ्या झाल्या, तेव्हा बबांची एकही पुरी झाली नव्हती. कोणीतरी बबांना आधार द्यायला धावलं. आबाजींनी त्याला मागे ओढलं. "हात मत लगाना! रेस चल रही है!"

किती तरी वेळाने बबा रेघेवर पोहोचले.

"टाइम?"

आबाजींनी होता तेवढाच सांगितला.

"नंबर?"

"दूसरा," आबाजी म्हणाले आणि हात पुढे केला.

दुपारी बबांनी पुरानी बस्तीत घरोघर जलेबी वाटली. "दौड़ में दूसरा आया हूं!"

एका काकूंनी विचारलं, "कितने जन दौड़े थे?"

"दो!" बबा म्हणाले आणि त्यांच्या हातावर आणखी एक जलेबी ठेवली.